फोयनचा भाला

2016 च्या जानेवारीत जुहूच्या किनाऱ्याला सुमारे पस्तीस फुटांचा एक मेलेला देवमासा लागला. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत त्याची जात छापून आली : ब्रूडेचा देवमासा. हा प्राणी उष्ण समुद्रांतला. ध्रुवाकडच्या थंड पाण्याशी त्याचा काही संबंध नाही. अरबी समुद्रात तो आपल्या कोळ्यांच्या होड्यांच्या आसपास वावरतो. अशा देवमाशाला एका नॉर्वेजियन माणसाचे नाव कसे लागले, हा प्रश्न मनात राहिला आणि त्याचा माग काढत मी ओस्लोच्या दक्षिणेला असलेल्या सँडेफ्योर्ड या बंदरात पोहोचलो.

योहान ब्रूडे इथलाच. जहाजांचा मालक आणि देवमाशांच्या शिकारीतला मोठा व्यापारी. 1908 साली त्याने दक्षिण आफ्रिकेच्या दरबान बंदरात शिकारीचा तळ उभारायला हातभार लावला. त्या किनाऱ्यावर मारलेल्या देवमाशांचा अभ्यास करायला अर्यान ओल्सेन हा नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञ गेला. त्यांतली एक जात वेगळी आहे असे त्याला आढळले आणि 1913 मध्ये त्याने तिला ब्रूडेचे नाव दिले. त्याच्याही आधी, 1870 च्या दशकात, कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या जॉन अँडरसनने ब्रह्मदेशाच्या एका खाडीत अडकून मेलेल्या अशाच देवमाशाचे वर्णन करून ठेवले होते. त्याने नाव दिले ते ब्रिटिश ब्रह्मदेशाचे चीफ कमिशनर ॲशली ईडन यांचे. म्हणजे आपल्या दारातल्या या प्राण्याच्या एका नावामागे साम्राज्याचा अधिकारी आहे आणि दुसऱ्या नावामागे शिकारीचा व्यापारी.

ब्रूडेचा इतिहास एवढ्यात आटोपतो. सँडेफ्योर्डच्या धक्क्याला ‘सदर्न ॲक्टर’ हे 1950 साली बांधलेले शिकारी जहाज उभे आहे. त्याच्या नाळेवर एक तोफ आहे. कप्तानाच्या ब्रिजवरून थेट त्या तोफेपर्यंत एक अरुंद फळी जाते. देवमासा दिसला की नेमबाजाने त्या फळीवरून धावत पुढे यायचे. मी त्या तोफेपाशी बराच वेळ रेंगाळलो. ब्रूडे आफ्रिकेला गेला तो या हत्याराच्या बळावर, आणि ते घडवणारा माणूस शेजारच्याच टन्सबर्ग गावचा होता. त्याचे नाव स्वेन फोयन.

फोयनचा जन्म 1809 चा. बापही दर्यावर्दी, तो समुद्रावरच वारला तेव्हा मुलगा चार वर्षांचा. घर आईने सावरले. मुलगा वाढला तो जहाजांवरच. 1846 मध्ये ‘होबेट’ नावाच्या जहाजातून तो यान मायेन बेटाजवळच्या बर्फात सीलच्या शिकारीला गेला आणि त्या धंद्यात त्याने अमाप पैसा केला. पहिली बायको एलिसे त्वेदे स्वतंत्र बाण्याची. तीनेक वर्षांत दोघे समजुतीने वेगळे झाले. पुढे ती टेक्ससला गेली आणि तिथल्या नॉर्वेजियन वसाहतीची लेखिका म्हणून ओळखली गेली. फोयन अतिशय श्रद्धाळू होता, रोज प्रार्थना करणारा, मजुरांसाठी घरे बांधणारा. वयाच्या पन्नाशीनंतर, पोटापाण्याची कसलीच चिंता उरली नसताना, त्याने असे काम हाती घेतले जे तोवर कोणालाच साधले नव्हते.

ती अडचण नीट समजून घ्यायला हवी. देवमाशांची शिकार शतकानुशतके चालू होती, पण ती ठरावीक जातींची. संथ पोहणारा आणि मेल्यावर तरंगणारा देवमासा वल्ह्याच्या होडीतून हाताने भाला फेकून मारता येई. निळा देवमासा आणि त्याचा सोबती फिन देवमासा यांच्यापुढे मात्र माणूस हतबल होता. निळा देवमासा शंभर फुटांपर्यंत वाढतो, शंभर टनांहून जड होतो. बिथरला की होडीला मागे टाकून निघून जातो, आणि मेलाच तर तळाला बुडतो. एवढ्या चरबीचे धन माणसांच्या डोळ्यांसमोर फिरत होते आणि हाताला लागत नव्हते. वेग आणि बुडणे ही या जातींची दोन कवचे होती.

फोयनने 1863 मध्ये ‘स्पेस एत फिदेस’ नावाची छोटी वाफेची आगबोट बांधून घेतली. नावाचा अर्थ ‘आशा आणि श्रद्धा’. पुढच्या भागात सात तोफा बसवून तो उत्तरेला फिनमार्कच्या समुद्रात गेला. पहिली वर्षे जवळजवळ रिकामी गेली. भाला वेगळा आणि बाँबगोळा वेगळा मारायचा, तर दोन्ही एकाच ठिकाणी लागणे ही नशिबाची गोष्ट. भाला लागला तर दोर तुटे. दोर टिकला तर जनावर जिवंत राहून बोट ओढत नेई. दरम्यान टॉमस रॉइस हा अमेरिकन शिकारी आइसलंडमध्ये अग्निबाणाने देवमासे मारायचा प्रयत्न करत होता. फोयन तेही पाहून आला. आणि पुन्हा स्वतःच्या तोफेकडे वळला.

इथे त्याला साथ मिळाली एका पाद्र्याची. हान्स मॉर्टन थ्राने एस्मार्क हे टन्सबर्गजवळच्या राम्नेस गावचे धर्मगुरू. त्यांना खनिजांचा आणि रसायनांचा नाद होता. तरुणपणी, 1828 मध्ये, ब्रेविकजवळच्या एका बेटावर त्यांना एक काळा दगड सापडला होता. त्यांच्या वडिलांनी तो स्वीडनच्या बर्झेलियसकडे पाठवला आणि त्या दगडातून थोरियम हे मूलद्रव्य निघाले. केरळच्या वाळूत सापडणारे, आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ ज्यावर वर्षानुवर्षे काम करत आले आहेत, तेच हे थोरियम. याच एस्मार्कांनी फोयनसाठी स्फोटक गोळ्याचे प्रयोग केले.

दोघांच्या खटपटीतून जे निघाले, त्याची रचना पाहताना मी चकित झालो. लोखंडी भाल्याच्या टोकाला दारूने भरलेला गोळा. त्याच्या मागे बिजागरीवर बसवलेले आकडे, उडताना दोरीने भाल्याला घट्ट बांधून ठेवलेले. भाल्याच्या दांड्याला लांब खाच आणि त्या खाचेत सरकणारी कडी. दोर त्या कडीला. त्यामुळे तोफ उडताना दोर नळीबाहेर राहतो आणि सुटत्या भाल्याचा हिसका त्याला थेट बसत नाही. भाला अंगात घुसला की देवमासा जिवाच्या आकांताने पळतो, दोर ताणला जातो, आणि मिटलेली छत्री उघडावी तसे आकडे मांसात उघडतात. उघडताना ते आतली गंधकाम्लाची काचेची कुपी चिरडतात. आम्लाने दारू पेटते आणि गोळा देवमाशाच्या शरीरात फुटतो. या स्फोटासाठी घोडा ओढणारा माणूस लागत नाही. जनावराच्या स्वतःच्या ओढीनेच स्फोट होतो. ते जितक्या जोराने सुटू पाहील, तितके पक्के अडकेल.

आणि हे तर फक्त टोक झाले. दोर डोलकाठीवरच्या कप्पीतून खाली येई आणि त्या कप्पीला ताण झेलणारी लवचिक रबराची जोडणी असे, म्हणजे लाटेने बोट वर-खाली झाली तरी दोर तुटू नये. त्यापुढे वाफेवरचा रहाट, बुडालेला देवमासा तळातून वर खेचायला. बोट वेगाने पाठलाग करणार, भाला मारणार आणि अडकवणार, रबर दोर वाचवणार, रहाट बुडू देणार नाही. निळ्या देवमाशाची दोन्ही कवचे फोयनने एका वेळी उतरवली. 1868 च्या हंगामात त्याने तीस देवमासे मारले. 1870 मध्ये, नाताळच्या आदल्या दिवशी, त्याला या पद्धतीचे पेटंट मिळाले. हे यश देवाचे आहे, अशीच त्याची श्रद्धा होती.

त्याच्या चिकाटीविषयी मला मनापासून आदर वाटतो. पण त्या तोफेपाशी उभे राहिल्यावर हा आदर निर्धास्त राहत नाही. कारण यापुढची कहाणी हत्याराच्या अपयशाची नाही; त्याने आपले काम अचूक केले त्याची आहे.

फोयनच्या हक्काची मुदत 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला संपली आणि फिनमार्कच्या किनाऱ्यावर तळांची गर्दी झाली. विरोध उभा राहिला तो तिथल्या कोळ्यांकडून. कॅपेलिन या छोट्या माशांचे थवे देवमासे किनाऱ्याकडे हाकतात आणि त्यांच्यामागून कॉड येतो, ही त्यांची पिढ्यांची समजूत. शास्त्रज्ञांना ती पटली नाही, सरकारने कानाडोळा केला. 1903 च्या जूनमध्ये मेहाम्न गावच्या कोळ्यांनी तिथला देवमाशांचा कारखाना मोडून टाकला. सैन्य पाठवावे लागले. पुढच्याच वर्षी उत्तर नॉर्वेच्या तिन्ही जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत शिकार बंद झाली.

तोवर धंद्याची नजर दक्षिणेला वळली होती. फोयनने म्हातारपणी ‘अंटार्क्टिक’ या जहाजाच्या मोहिमेला पैसा पुरवला. जानेवारी 1895 मध्ये त्या जहाजावरची माणसे अंटार्क्टिकाच्या केप अडेअरला उतरली. फोयन त्याआधीच, नोव्हेंबर 1894 मध्ये गेला होता. संपत्तीचा मोठा भाग त्याने मिशनकार्यासाठी ठेवला. 1904 मध्ये कार्ल अँटोन लार्सेनने साउथ जॉर्जिया बेटावर ग्रुटविकेन हा तळ उभारला. त्या एका बेटाच्या तळांवर साठ वर्षांत पावणेदोन लाख देवमासे कापले गेले. चरबीचे तेल दिव्यांत गेले, साबणात गेले, मार्गारिनमध्ये गेले. 1925 पासून मागच्या बाजूला उतार असलेली कारखाना-जहाजे आली आणि किनाऱ्याचीही गरज उरली नाही. 1930-31 या एका हंगामात एकोणतीस हजारांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. विसाव्या शतकात सगळ्या जातींचे मिळून जवळजवळ तीस लाख.

अरबी समुद्रही सुटला नाही. 1960 च्या दशकात सोव्हिएत शिकारी ताफ्यांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समुद्रात गुपचूप शिकार केली. मारलेल्यांत 242 कुबडे देवमासे होते. या समुद्रातले कुबडे देवमासे इतर ठिकाणच्या भाईबंदांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत. बारा महिने इथेच राहतात. म्हणून इथून गेलेल्यांची जागा बाहेरून येऊन कोणी भरत नाही. आज ओमानच्या किनाऱ्याजवळ त्यांची संख्या शंभराच्याही आत असल्याचा अंदाज आहे.

देवमाशांच्या शिकारीविषयीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 1982 मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला आणि तो 1986 मध्ये लागू झाला. नॉर्वेने आक्षेप नोंदवून 1993 पासून मिंक देवमाशांची शिकार पुन्हा सुरू केली. आजही तिथे भाल्याच्या टोकाला स्फोटक गोळाच असतो, फक्त दारू बदलली आहे. फोयनची मूळ कल्पना दीडशे वर्षांनंतरही जुनी झालेली नाही. निसर्गाने दिलेले संरक्षण यंत्राने एकदा काढून घेतले की त्या जागी माणसाने केलेल्या कायद्याखेरीज दुसरे काही उरत नाही, आणि कायदा टिकतो तो किनाऱ्यावरची माणसे तो पाळतात तोवर.

आपल्या किनाऱ्यावर भाला नाही, पण जाळे आहे. देवमासा, डॉल्फिन, कासव जाळ्यात अडकले आणि कोळ्याने जाळे कापून त्याला सोडले, तर 2018 पासून महाराष्ट्र सरकार त्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. ही योजना चांगली आहे आणि ती प्रत्येक बंदरात, प्रत्येक तांडेलापर्यंत पोहोचली पाहिजे. नव्या जाळ्याची किंमत पाहता ही रक्कम अपुरी आहे; सरकारने ती वाढवावी. फिनमार्कच्या कोळ्यांचे म्हणणे वेळेत कोणी ऐकले नाही. कोकणच्या कोळ्यांचे ऐकायला अजून उशीर झालेला नाही.