बासोडा : आदल्या दिवशीच्या स्वयंपाकामागील शास्त्र

जयपूर शहराच्या पूर्व भागात, गलता टेकड्यांच्या पायथ्याशी जवाहर नगर वसले आहे. आखीव सेक्टरांतील घरे आणि बाह्यवळण रस्त्यालगतची मोठी कच्ची वस्ती, अशी त्याची दोन रूपे आहेत. होळीनंतर आठव्या दिवशी, शीतलाष्टमीला, जयपुरातील परंपरा पाळणाऱ्या घरांत चूल पेटवली जात नाही. आदल्या दिवशी शिजवलेल्या अन्नाचा देवीला नैवेद्य दाखवून तेच थंड खाल्ले जाते. या सणाला राजस्थानात ‘बासोडा’ म्हणतात. ‘बासी’ म्हणजे शिळे. महाराष्ट्रातील पंचांगानुसार ही फाल्गुन वद्य अष्टमी असते. चाकसूजवळील शील की डुंगरी येथे या निमित्ताने मोठी जत्रा भरते.

यानंतर कडक उन्हाळा सुरू होतो आणि अन्न लवकर विटू लागते. त्यामुळे शिळे अन्न खाण्याचा हा हंगामातील अखेरचा दिवस, असा या प्रथेचा अर्थ लावला जातो.

पदार्थांची निवड

बासोड्याच्या ताटातील राबडी म्हणजे दुधाची रबडी नव्हे. बाजरीचे पीठ ताकात कालवून, आंबवून व शिजवून ती तयार होते. महाराष्ट्रातील आंबिलीशी तिचे जवळचे नाते आहे. तिच्यातील आंबटपणामुळे अनेक जंतूंच्या वाढीला आळा बसतो. पुऱ्या आणि पुए तळल्यामुळे त्यांतील पाण्याचा अंश घटतो व ते तुलनेने अधिक टिकतात. मुगाच्या डाळीच्या मंगोड्या, म्हणजे आपले सांडगे, उन्हात वाळवल्यावर अनेक महिने राहतात.

कमी खर्चात पोषण

रोज पहाटे कामावर निघणाऱ्या कुटुंबाला वेळ, इंधन आणि पैसा या तिन्हींची काटकसर करावी लागते. बाजरी आणि मूगडाळ त्यासाठी उपयुक्त ठरतात. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम, तर तेवढ्याच मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. बाजरीतून लोहही मिळते. मात्र बाजरीतील स्निग्धांशामुळे तिचे पीठ लवकर कडू होते. म्हणून धान्य साठवावे आणि पीठ थोडे थोडे दळून आणावे. मंगोड्या एकदाच घालून ठेवल्यास भाजी महाग असतानाही कालवणाची सोय होते.

सावधगिरी आवश्यक

५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कडक उन्हाळ्यात ही मुदत एका तासावर आणणे हिताचे. भाताबाबत विशेष दक्षता हवी. त्यातील काही जंतूंचे बीजाणू उकळल्यावरही जिवंत राहतात आणि त्यांनी निर्माण केलेले विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही.

डाळ किंवा भाजी उथळ भांड्यांत काढून लवकर निववावी, शीतकपाटात ठेवावी, तीन दिवसांत संपवावी आणि खाण्यापूर्वी वाफ येईपर्यंत गरम करावी. जयपूरच्या कोरड्या हवेत माठातील पाणी छान गार होते, परंतु माठ शीतकपाटाची जागा घेऊ शकत नाही. ज्या घरी शीतकपाट नाही, तेथे पूर्वतयारी कोरड्या जिनसांपुरती ठेवावी. धान्य निवडून, मसाला कुटून व मंगोड्या वाळवून ठेवाव्यात. डाळ-भात मात्र त्या त्या वेळेपुरताच शिजवावा.

शिळ्या अन्नाचा मान ठेवणारा हा सण त्याची मर्यादाही सांगतो. अन्न आधी करून ठेवताना काय टिकते, किती काळ टिकते आणि कोणत्या ऋतूत टिकते, हे जाणणे महत्त्वाचे आहे.