गाडी घराबाहेर लावा

अमेरिकेत गाडीच्या कंपनीकडून येणाऱ्या रिकॉलच्या, म्हणजे सदोष गाडी दुरुस्तीसाठी परत बोलावण्याच्या, पत्रात कधीकधी एक वाक्य असतं: दुरुस्ती होईपर्यंत गाडी उघड्यावर आणि इमारतींपासून लांब लावा. ज्या घरात हे वाक्य वाचलं जातं, तिथली त्या रात्रीची झोप उडते. न्यू जर्सीत आमच्या भागातली घरं लाकडी सांगाड्याची. गॅरेज घराला चिकटून, त्याचं आतलं दार स्वयंपाकघराजवळ उघडतं, आणि गॅरेजच्या वर बहुतेक वेळा मुलांची निजायची खोली असते. चालत्या गाडीतून धूर आला तर माणूस गाडी कडेला घेतो, उतरतो, लांब जाऊन उभा राहतो. बंद गाडीकडे मध्यरात्री कोण बघतंय?

बंद गाडी पेटेलच कशी, असं पुष्कळ जणांना वाटतं. चावी काढली की सगळं थंड, ही आपली समजूत. पण बॅटरी जोडलेलीच असते आणि गाडीतल्या काही भागांपर्यंत करंट चोवीस तास पोचत असतो. एबीएसचं, म्हणजे ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचं, युनिट हा त्यातला एक भाग. त्यात ब्रेक फ्लुइडही असतं आणि इलेक्ट्रॉनिक सर्किटही, अगदी शेजारीशेजारी. सील खराब होऊन फ्लुइड सर्किटवर झिरपलं, की शॉर्ट सर्किट व्हायला गाडी सुरू असावी लागत नाही. फोर्डच्या जुन्या गाड्यांत हाच प्रकार एका साध्या स्विचमुळे झाला होता. क्रूझ कंट्रोल बंद करणाऱ्या त्या स्विचमध्ये एका बाजूला ब्रेक फ्लुइड, दुसऱ्या बाजूला करंट आणि मध्ये एक पातळ पडदा. पडद्याला चीर गेली की दारात उभी असलेली गाडी पेट घ्यायची. 1999 ते 2009 या काळात त्या एका स्विचपायी दीड कोटीच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आणि सप्टेंबर 2023 मध्ये ह्युंदाई आणि किया या दोन कंपन्यांनी मिळून अमेरिकेत सुमारे 33.7 लाख गाड्यांचा रिकॉल जाहीर केला, तोही एबीएसच्या युनिटमध्ये फ्लुइड गळून शॉर्ट होण्याच्या भीतीने. मधल्या इतक्या वर्षांत फ्लुइड आणि करंट यांना वेगळं ठेवण्याचा धडा गाडीच्या धंद्याने पुरता गिरवलेला नाही, असं मला स्पष्ट वाटतं.

आगीची दुसरी तऱ्हा खुद्द इंजिनातली. क्रँकशाफ्टमधल्या तेलाच्या वाटा कारखान्यात कोरतात, तेव्हा निघालेला धातूचा कीस आत राहून गेला तर बेअरिंगला तेल नीट पोचत नाही. बेअरिंग झिजतं, इंजिन ठोकायला लागतं, आणि फारच बिघडलं तर कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो. तापलेल्या भागांवर तेल उडालं की आग. ह्युंदाईने 2015 मध्ये सोनाटा गाड्यांचा जो मोठा रिकॉल केला, त्याचं कारण हा कीसच होता. मात्र ही आग येण्याआधी आवाज करते. एबीएसवाली करत नाही, म्हणून मला ती जास्त घातकी वाटते.

मी हे सगळं वाचायला लागले ते माझ्या भाच्यामुळे. तो पुण्याहून इथे शिकायला आला आणि इतर विद्यार्थ्यांसारखीच त्यानेही एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून स्वस्तातली गाडी घेतली. आधी दोन मालक होऊन गेलेले. टायर पाहिले, इंजिन ऐकलं, अपघाताचा इतिहास काढला. रिकॉलचं त्याला कोणी काही बोललं नाही. रविवारी तो आमच्याकडे जेवायला येतो, गाडी आमच्याच गॅरेजमध्ये लावतो. विंडशील्डच्या खालच्या कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या बाजूला, 17 अक्षर-अंकांचा नंबर असतो. माझ्या नवऱ्याने तो सहज टिपून घेतला आणि सरकारच्या रस्ते सुरक्षा खात्याच्या साइटवर टाकला. उत्तर आलं: रिकॉल आहे, काम झालेलं नाही, गाडी बाहेर लावा.

"मावशी, पण मला पत्रच आलं नाही," तो म्हणाला.

येणार कुठून? राज्याच्या नोंदणीत गाडी ज्याच्या नावावर असेल, त्याच्या पत्त्यावर कंपनी पत्र पाठवते. पत्र निघालं तेव्हा गाडी आधीच्या मालकाची होती. त्याने ते फाडून टाकलं की वाचलंच नाही, कोण जाणे. पाकिटावर सुरक्षा रिकॉल असं छापलेलं असतं खरं, पण टपालपेटीत रोज इतक्या जाहिराती येऊन पडतात की तेही पाकीट त्यांच्यासोबत कचऱ्यात जातं. बरं, गाडीसोबत ते पत्र पुढच्या मालकाला द्यावं असं कुणाच्या मनात येत नाही. गाडी जितकी जुनी तितके तिचे मालक बदललेले, आणि जितके मालक बदललेले तितकी पत्राची वाट चुकलेली. म्हणजे ज्यांना नवी गाडी परवडत नाही, त्यांच्याच दारात ही न दुरुस्त झालेली गाडी उभी असते.

मी भाच्याबरोबर डीलरच्या वर्कशॉपमध्ये गेले, कारण मला हे काम डोळ्यांनी बघायचं होतं. अपॉइंटमेंट मिळायला मात्र वेळ लागला. आधी फोनवर सांगितलं, सुटा भाग आलेला नाही. मग सांगितलं, आला आहे पण माणूस नाही. तोवर दुसरी गाडी मिळेल का, असं विचारल्यावर कुठे त्यांनी तशी सोय होऊ शकते हे कबूल केलं. आपणहून कोणी सांगितलं नव्हतं. काउंटरवरच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने तेल बदलायचं, टायर फिरवायचे, असं आणखी चार गोष्टींचं पत्रक पुढे केलं. रिकॉलचं काम मात्र फुकट असतं. पहिल्या विक्रीपासून 15 वर्षांपर्यंतच्या गाड्यांना कायद्याने तो हक्क आहे, गाडी कितव्याही हातात असो.

वर्कशॉपमधला माणूस साठीच्या पुढचा होता आणि बघायला कोणी आलंय याचं त्याला बरं वाटलं असावं. बोनेट उघडून त्याने आधी काही काढलं नाही. टॉर्च घेऊन एबीएसचं युनिट शोधलं, जोडलेल्या प्लगभोवती बोट फिरवलं, बोट उजेडात धरून पाहिलं. कोरडं. मग फ्यूजच्या काळ्या खोक्याचं झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो, त्यावरून जागा नक्की केली, पकडीने जुना फ्यूज सरळ वर ओढला आणि तळहातावर ठेवून आम्हाला दाखवला. नवा फ्यूज आकाराने तसाच, फक्त कमी अँपिअरचा. तो दाबून बसवला, गाडी सुरू केली, डॅशबोर्डवरचा एबीएसचा दिवा लागून विझतो की नाही ते पाहिलं. झालं. एवढ्यासाठी एक गाडी कित्येक महिने लोकांच्या घरांना चिकटून उभी राहिली होती.

मी विचारलं, मग गळतीचं काय? तो सरळ बोलला. हा फ्यूज गळती थांबवत नाही. गळती झालीच तर सर्किट तापायच्या आत फ्यूज उडेल, एबीएस बंद पडेल, डॅशबोर्डवर दिवा लागेल. साधे ब्रेक लागतील, पण घसरड्या रस्त्यावर चाकं अडकू शकतील. दिवा लागला तर थांबू नका, घेऊन या. हे शेवटचं वाक्य त्याने भाच्याकडे बघून दोनदा म्हटलं. युनिट न बदलता फ्यूज बदलणं मला अपुरं वाटतं. कंपन्यांना ते स्वस्त पडतं आणि लाखो गाड्यांसाठी नवी युनिट्स पटकन मिळणारही नाहीत, हे कळतं. पण मालकाच्या पदरात अर्धी दुरुस्ती पडते, हेही तितकंच खरं. ह्युंदाई आणि किया यांनी 2016 पासून एबीएसच्या याच तऱ्हेच्या दोषासाठी वेगवेगळे 16 रिकॉल केले होते. ते पुरेसे होते का, हे तपासायला रस्ते सुरक्षा खात्याने नोव्हेंबर 2023 मध्ये चौकशी सुरू केली. तशी चौकशी व्हायलाच हवी होती.

पत्र पोचूनही गाडी तशीच रस्त्यावर आली तर काय होतं, याचं उदाहरण कॅलिफोर्नियात घडून गेलं आहे. 2004 मध्ये दोन तरुण सख्ख्या बहिणींनी एक पीटी क्रूझर भाड्याने घेतली. तिच्या पॉवर स्टिअरिंगच्या नळीतून तेल गळून आग लागू शकते म्हणून रिकॉल झालेला होता आणि भाड्याने देणाऱ्या कंपनीला तशी सूचनाही मिळालेली होती. काम न करताच गाडी दिली गेली. गाडी पेटली, ट्रकवर आदळली, दोघी गेल्या. त्यांच्या आईने पुढची बरीच वर्षं कायद्यासाठी खर्ची घातली आणि 2015 मध्ये त्या दोघींच्या नावाने कायदा झाला: 35 किंवा त्याहून अधिक गाड्या असलेल्या कंपनीला रिकॉलचं काम बाकी असलेली गाडी भाड्याने देता येणार नाही. मात्र जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यावर देशभर लागू असलेलं असं बंधन अजून नाही. नवी गाडी काम केल्याशिवाय विकता येत नाही, भाड्याची देता येत नाही, पण माझ्या भाच्याला विकलेली गाडी विकता येते. हे भोक बुजवलंच पाहिजे.

त्या रात्री पुण्याहून मेहुण्यांचा फोन आला. मुलगा सुखरूप आहे हे ऐकल्यावर त्यांचा दुसरा प्रश्न होता, "आपल्याकडे असं काही असतं का हो?" असतं. मारुतीने 2010 मध्येच एक लाख ए-स्टार गाड्या पेट्रोल गळण्याच्या शक्यतेमुळे परत बोलावल्या होत्या. तेव्हा कायदा नव्हता. 2012 मध्ये कंपन्यांनी आपसांत एक ऐच्छिक पद्धत ठरवली. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये 110-अ हे कलम आलं आणि 1 एप्रिल 2021 पासून नियम लागू झाले. दोष असेल तर सरकार आता कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं, पण ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. मेहुण्यांची गाडी दुसऱ्या हाताची. म्हणून मी त्यांना म्हटलं, आरसी बुकावरचा चासी नंबर घ्या, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, या नंबरवर काही काम बाकी आहे का ते कॉम्प्युटरवर बघून सांगा म्हणावं, आणि तिथे तुमचा आत्ताचा मोबाइल नंबर नोंदवून या. आधीच्या मालकाचाच नंबर राहिला असेल तर फोन त्यालाच जाईल.