एकाच गोळीचा त्रास एकालाच का?

१९७५ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या मेडिकल स्कूलमध्ये रॉबर्ट स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेब्रिसोक्वीन हे रक्तदाबाचे औषध प्रयोगापुरते स्वतःच घेतले. बाकीच्यांना विशेष काही झाले नाही. स्मिथना मात्र भोवळ आली, उभे राहवेना, रक्तदाब ७०/५० वर आला. लघवी तपासल्यावर उलगडा झाला. इतरांच्या शरीराने औषधाची विल्हेवाट लावली होती, स्मिथच्या शरीरात ते बहुतांशी तसेच राहिले होते. यकृतातले जे विकर हे काम करते, त्याचे जनुक पुढे सीवायपी२डी६ या नावाने ओळखले जाऊ लागले. आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या त्याच्या दोन्ही प्रती निकामी असतील, तर असे घडते.

डेब्रिसोक्वीन मागे पडले, पण तेच विकर मेटोप्रोलॉल या बीटा ब्लॉकर गटातल्या, रक्तदाबावरच्या औषधाचाही निचरा करते, आणि ही गोळी आजही असंख्य लोक घेतात. विकर निकामी असलेल्यांच्या रक्तात नेहमीच्या डोसानेच तिचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. नाडी मंदावते, चक्कर येते. म्हणून ‘सगळ्यांना चालते, तुम्हालाच कशी चालत नाही?’ हा प्रश्न अशास्त्रीय आहे. ठरावीक डोस हा सरासरी माणसासाठीचा अंदाज असतो, आणि रुग्णाची तक्रार हा तो अंदाज चुकल्याचा पुरावा असू शकतो.

मग प्रत्येकाची जनुकचाचणी का करू नये? युरोपीय वंशाच्या लोकांतही असे विकरहीन साधारण ५ ते १० टक्केच, आणि आशियात त्याहून कमी. शिवाय जनुक धडधाकट असूनही नैराश्यावरची पॅरॉक्सेटीन किंवा फ्लुऑक्सेटीन चालू असेल तर तेच विकर अडवले जाते. जनुकाच्या अहवालात हे दिसणार नाही, औषधांच्या यादीत दिसेल. आणि रॅमिप्रिल, एनालाप्रिल या रक्तदाबाच्याच गोळ्यांनी येणारा कोरडा खोकला? तो स्त्रियांत आणि पूर्व आशियाई लोकांत अधिक आढळतो, म्हणजे वंशाचा काही हात असावा; पण तो कोणाला येईल हे आधी सांगणारी भरवशाची चाचणी हाती नाही. तिथे गोळी बदलून पाहणे हाच मार्ग. (‘तुमची जनुके वाचून अचूक औषध’ या जाहिराती वाचताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे.)

दुसरा आक्षेप असा, की बरेच दुष्परिणाम मनाचे खेळ असतात. काही असतातही, त्रास होणार असे ऐकले की तो जाणवू लागतो, हे प्रयोगांत दिसले आहे. पण नाडी मोजता येते. गोळी सुरू केल्यावर ती ५० च्या खाली जाऊन माणूस गळून जात असेल, तर मनाला दोष देण्याआधी डोस पाहावा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने बीटा ब्लॉकर गटात जनुकानुसार सल्ला दिला तो फक्त मेटोप्रोलॉलसाठी: विकर निकामी असल्याचे आधीच माहीत असेल, तर सर्वांत कमी डोसापासून सुरुवात करून सावकाश वाढवावे, नाहीतर दुसरी गोळी निवडावी.

हा बदल डॉक्टरांनीच करायचा, कारण मेटोप्रोलॉल एकाएकी थांबवल्यास हृदयविकार असलेल्यांना छातीत दुखणे बळावू शकते. त्याच गटातले अटेनोलॉल या विकरावर विसंबून नाही, ते मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे अधू असतील तर मात्र त्याचाही डोस उतरवावा लागतो.