पिकअपचं स्टिअरिंग अचानक का थडथडतं? 'वॉबलिंग'चं खरं कारण कसं शोधायचं, वाचा सविस्तर

धाराशिव : सोयाबीनचे कट्टे भरलेला पिकअप येडशी सोडून महामार्गाला लागतो. रस्ता मोकळा, काटा ७०च्या पुढे. पुलाच्या जोडावर पुढचं एक चाक आदळतं आणि हातातलं स्टिअरिंग डावी-उजवीकडे इतके झटके देऊ लागतं की धरून ठेवणं मुश्कील होतं. वेग ४०च्या खाली आला की सगळं शांत. चालक खाली उतरतो, टायरला लाथ मारून बघतो, हवा ठीक वाटते आणि गाडी पुन्हा निघते. मालवाहतूक करणाऱ्या बऱ्याच जणांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. गॅरेजच्या भाषेत याला 'वॉबलिंग' म्हणतात.

यावरचा ठरलेला इलाज म्हणजे अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. कधी त्याने फरक पडतो, कधी दोन-चार दिवसांत पुन्हा तेच. कारण 'स्टिअरिंग थरथरतं' या एकाच तक्रारीमागे वेगवेगळे आजार असू शकतात. त्यातला एखादा फक्त टायर खातो, तर एखादा चालत्या गाडीत स्टिअरिंग आणि चाक यांचा संबंधच तोडू शकतो. फरक ओळखायला महागडं मशीन लागत नाही.

नेमकं कधी थरथरतं?

गॅरेजमध्ये जाण्याआधी ही नोंद करा. निम्मं निदान इथेच होतं.

ठरावीक वेगालाच, साधारण ७० ते ९०च्या दरम्यान, बारीक थरथर येत असेल आणि वेग कमी-जास्त केला की जात असेल, तर पहिला संशय बॅलन्सिंगवर. १५ इंची रिमचं पिकअपचं चाक एका फेरीत सुमारे सव्वादोन मीटर जातं, म्हणजे ताशी ८० किमीला ते सेकंदाला १० वेळा फिरतं. रिमच्या कडेला फक्त ५० ग्रॅम वजन जास्त असेल तर या वेगात ते चाकाला जवळपास ४ किलोच्या जोराने खेचतं, तेही सेकंदाला १० वेळा. वेग निम्मा केला की हा जोर चौपट कमी होतो. ४०ला काहीच जाणवत नाही ते म्हणूनच.

आपल्याकडे या ५० ग्रॅमचा उगम अनेकदा रानातच असतो. काढणीच्या दिवसांत गाडी थेट वावरात जाते, काळी माती रिमच्या आतल्या बाजूला बसते आणि वाळून दगडासारखी होते. बाहेरून गाडी धुतली तरी ती तशीच राहते. त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी चारही रिम आतून खरवडून बघा. पन्नास रुपयांचं वॉशिंग कधी कधी पूर्ण इलाज ठरतं!

२०-३०च्या वेगात गाडीचं तोंड डुलत असेल तर मामला वेगळा. टायरच्या आतले तारांचे थर सुटले, की त्यावर टेंगूळ येतं किंवा नक्षीची रेघ वाकडी दिसते. असा टायर फुटण्याच्या वाटेवर असतो. तो बॅलन्सिंगने सुधारत नाही, काढूनच टाकावा लागतो. हळू वेगात डुलण्यासोबत 'कट-कट' आवाज असेल तर गाडी जागेवर थांबवा आणि चाकाचे नट बघा. सैल नटमुळे चाक निखळतं, आणि त्याआधी ते असाच इशारा देतं.

फक्त ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग हादरत असेल तर ब्रेकची डिस्क बघायला सांगा. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही की असं होतं.

टायरचा दोष की आणखी कशाचा, हे ठरवायची एक फुकटची युक्ती आहे. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावा. थरथर स्टिअरिंगमधून निघून सीटखाली आली, तर दोष टायर किंवा रिममध्ये. जागेवरच राहिली, तर गाडीखाली शिरायची वेळ आली.

खड्ड्यानंतर सुरू होणारा झटका

सुरुवातीला सांगितलेला प्रकार मात्र यातल्या कशातच बसत नाही. तो खड्डा किंवा पुलाचा जोड लागल्यावर अचानक सुरू होतो आणि वेग बराच उतरेपर्यंत थांबत नाही. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याचं नाव 'शिमी'. १९२०च्या दशकात मोटारींना मोठे, कमी हवेचे टायर आणि पुढच्या चाकांना ब्रेक आले आणि हा आजार जगभर पसरला. त्या काळी गाजलेल्या एका नाचावरून त्याला हे नाव पडलं. पुढे बहुतेक मोटारींना दोन्ही पुढच्या चाकांचं स्वतंत्र सस्पेन्शन आलं, त्यामागे हेही एक कारण होतं.

जुन्या जीप आणि पाट्यांवर अखंड अॅक्सल असलेले काही पिकअप मात्र त्याच जुन्या रचनेचे आहेत. तुमची गाडी कुठली, हे वाकून बघितलं तरी कळतं. या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच जाड दांडा असेल तर ती अखंड अॅक्सलची. अमेरिकेत अशाच रचनेच्या जीप रँग्लरचे मालक या झटक्याला 'डेथ वॉबल' म्हणतात. २०१९ मध्ये तिथे तक्रारी वाढल्यावर कंपनीने नव्या मॉडेलच्या गाड्यांचा स्टिअरिंग डॅम्पर बदलून देण्याची मोहीम जाहीर केली होती.

हे होतं कसं? दवाखान्यातलं स्ट्रेचर जोरात ढकललं की त्याचं पुढचं चाक फडफडतं, ते आठवा. सगळे सांधे घट्ट असतील तर अशी फडफड एक-दोन झोक्यांत विरते. सांध्यांत खेळ असेल तर चाकाला त्या मोकळ्या जागेत हलायला वाव मिळतो आणि रबरी टायर प्रत्येक झोक्याला परत ढकलतो. फिरणाऱ्या चाकातूनच ऊर्जा मिळत राहते, म्हणून ते आपोआप थांबत नाही.

इथेच गल्लत होते. खेळ कुठे आहे हे न शोधता नवा डॅम्पर बसवला की झटके बंद होतात आणि चालक खूश होतो. पण डॅम्परने फक्त लक्षण दाबलं. टायरॉड एंड झिजतच राहतो. एक दिवस त्याचा गोळा सॉकेटमधून निसटतो आणि चाक स्टिअरिंगचं ऐकणं बंद करतं. माझ्या मते, खेळ न तपासता आधी डॅम्पर बदला म्हणणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी ठेवूच नये.

दोन माणसं, एक जॅक

तपासणी अशी करा. गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला. एकाने स्टिअरिंग वीतभर डावीकडे-उजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली टॉर्च घेऊन एकेक सांधा बघायचा आणि त्यावर हात ठेवायचा : स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट, ड्रॅग लिंक, टायरॉडची दोन्ही टोकं, पाट्यांचे बुश आणि शॅकल, यू-बोल्ट. दांडा हलतो पण त्याला जोडलेला भाग उशिरा हलतो, तिथे खेळ आहे. बोटाला 'टक' जाणवतं.

मग एकेक पुढचं चाक जॅकवर उचला. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, चेसीखाली भक्कम घोडी लावा. चाक डाव्या-उजव्या बाजूने, घड्याळातल्या ९ आणि ३च्या जागी धरून हलवा. हललं तर बहुतेक वेळा टायरॉड. वर-खाली, १२ आणि ६च्या जागी धरून हललं तर बेअरिंग किंवा किंगपिन, स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर बॉल जॉइंट. दोन्हींतलं कोणतं, हे ओळखायला सोबतच्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. झिजलेल्या सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतं.

जास्तीच्या लोडचा संबंध काय?

थेट संबंध आहे. मागे प्रमाणाबाहेर माल भरला की पुढचं तोंड उचललं जातं, पुढच्या चाकांचा जमिनीवरचा दाब कमी होतो आणि किंगपिनचा मागे झुकलेला कोन वाढतो. अखंड अॅक्सलच्या गाडीत हा कोन फार वाढला की फडफड सुरू व्हायला सोपं जातं. उलट, जास्त माल बसावा म्हणून मागे एक-दोन पाटे वाढवले की रिकामी गाडी पुढे झुकते, कोन कमी होतो आणि ती सरळ रस्त्यावरही भरकटते. म्हणजे लोड असताना एक दुखणं आणि रिकामी असताना दुसरं.

गाडीची क्षमता आरसीवरच असते. एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. ५० किलोचे ३० कट्टे म्हणजे दीड टन होतात, आणि चालक-किन्नरचं वजनही याच हिशोबात धरावं लागतं. जास्त लोड सापडला तर २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा दंड आहे. नवरात्रात तुळजापूरला जाताना मागच्या हौद्यात माणसं बसवलेली दिसतात. मालवाहू गाडीत प्रवासी नेणं बेकायदा आहेच, पण झिजलेल्या टायरॉडच्या गाडीत ते किती महागात पडेल, हे वेगळं सांगायला नको.

नियम काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम ९८नुसार स्टिअरिंगचा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. ३८ सेंमी व्यासाच्या स्टिअरिंगवर हे अंतर जवळपास १० सेंमी भरतं. ही कायद्याची शेवटची मर्यादा झाली. तिथवर जाण्याच्या कितीतरी आधी गाडी दाखवायला हवी. त्याच नियमात बॉल जॉइंटवर रबरी टोपी असणंही बंधनकारक आहे. ही टोपी फाटली की धूळ आणि पाणी आत जातं आणि सांधा लवकर झिजतो. किरकोळ किमतीची ही वस्तू तपासताना सगळे विसरतात.

८ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला फिटनेस दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी करावा लागतो. 'एमएच-२५'च्या रस्त्यांवर दोन फिटनेसच्या मध्ये एवढा काळ सांधे तसेच टिकतील, असं धरून चालू नका. दर सर्व्हिसिंगला वरची तपासणी करून घ्या.

चालत्या गाडीत झटके सुरू झाले तर?

दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरा, पण झटक्याच्या उलट ओढू नका. अॅक्सिलरेटर सोडा. जोरात ब्रेक मारू नका, कारण पुढच्या चाकांवर भार आला की झटके वाढू शकतात. वेग आपोआप उतरू द्या, चारही इंडिकेटर लावा आणि डावीकडे घ्या. उतरल्यावर आधी नट, मग टायर, मग टायरॉड बघा. टायरॉड हाताने हलत असेल तर गाडी टोइंगनेच न्या, हळूहळू नेऊ म्हणून निघू नका.

काम झाल्यावर चाकं काढून-बसवलेली असतील तर ५० ते १०० किमी चालवून नट पुन्हा एकदा पान्याने आवळून घ्या.