धावण्याच्या शैलीचे विश्लेषण : इजा-प्रतिबंध आणि कामगिरी

प्रस्तावना :

धावणे ही नैसर्गिक क्रिया असल्याने ती शिकवावी लागत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्रातील पोलीस शिपाई भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर, तर महिला उमेदवारांना ८०० मीटर धावावे लागते. त्यासाठी खेड्यापाड्यांतील असंख्य युवक-युवती पहाटे डांबरी रस्त्यावर सराव करतात. नडगीचे दुखणे, गुडघेदुखी किंवा हाडाला पडलेली सूक्ष्म चीर यांमुळे ऐन चाचणीच्या वेळी सराव थांबला, तर पुढील भरतीची वाट पाहण्याखेरीज उमेदवाराच्या हाती काही उरत नाही. सरावात एकाएकी केलेली वाढ, अपुरी विश्रांती व अपुरे पोषण ही अशा इजांची प्रमुख कारणे होत. सदोष शैली हे त्यांपैकीच एक कारण असून ते बहुधा दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात शैलीच्या विश्लेषणाची उपयुक्तता व मर्यादा यांचा विचार केला आहे.

विश्लेषणाचे स्वरूप :

धावताना शरीराचे अवयव कोणत्या क्रमाने, किती कोनात व किती वेळ कार्य करतात, याचे पद्धतशीर निरीक्षण म्हणजे शैलीचे विश्लेषण होय. एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे घेतली आणि डोळ्यांना न दिसणारी हालचाल छायाचित्रात टिपता येते, हे सिद्ध केले. पुढे जमिनीत बसविलेल्या बलमापक पट्टिकांमुळे पावलावर येणारे बलही मोजता येऊ लागले. कॅव्हना व लाफॉर्च्यून यांच्या १९८० मधील अभ्यासात धावपटूच्या प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या अडीच पटींहून अधिक बल जमिनीकडून परत येत असल्याचे आढळले. म्हणजेच ६० किलो वजनाच्या धावपटूच्या एका पायावर क्षणभर १५० किलोंहून अधिक भार येतो.

इजा-प्रतिबंध :

वेग वाढविण्यासाठी लांब ढांग टाकणे हा नवोदितांमध्ये वारंवार दिसणारा दोष आहे. अशा वेळी पाऊल शरीराच्या बरेच पुढे व गुडघा जवळजवळ ताठ असताना पडते. परिणामी प्रत्येक पाऊल काही अंशी गतिरोधकाचे काम करते आणि गुडघ्यावरील ताण वाढतो. हायडरशाइट व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, वेग तोच ठेवून पावलांची संख्या ५ ते १० टक्क्यांनी वाढविल्यास गुडघ्यावरील भार कमी होतो.

उदाहरणार्थ, १६०० मीटर अंतर ६ मिनिटांत पार करणारा उमेदवार मिनिटाला १६० पावले टाकत असेल, तर त्याचे प्रत्येक पाऊल सुमारे १.६७ मीटरचे असते. पावले १७० केल्यास तेच सुमारे १.५७ मीटर होते. केवळ १० सेंटिमीटरच्या या फरकाने पाऊल शरीराच्या अधिक जवळ पडू लागते.

हाँगकाँगमध्ये ३२० नवोदित धावपटूंवर झालेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पावलाचा आघात पडद्यावर पाहून तो सौम्य करण्याचे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण एका गटास देण्यात आले. वर्षभरात या गटातील इजांचे प्रमाण १६ टक्के, तर दुसऱ्या गटात ३८ टक्के होते. मात्र प्रशिक्षित गटात पोटरी व टाचेमागील स्नायूबंध यांच्या तक्रारी अधिक आढळल्या. शैली बदलल्याने भार नाहीसा होत नाही, तो दुसरीकडे सरकतो, हे यावरून ध्यानात येते.

कामगिरी :

कॅव्हना व विल्यम्स यांनी १९८२ मध्ये असे दाखविले की, धावपटूने स्वाभाविकपणे निवडलेली पावलाची लांबी बहुधा प्राणवायूचा कमीत कमी वापर होणाऱ्या लांबीच्या जवळपास असते. ती फार वाढविल्यास वा घटविल्यास दमणूक वाढते. म्हणून सुधारणा अल्प व क्रमाक्रमाने करणे इष्ट ठरते. उच्चतम वेगाविषयी वेयांड व सहकाऱ्यांचा २००० मधील निष्कर्षही महत्त्वाचा आहे. वेगवान धावपटू हवेत पाय अधिक जलद हलवीत नाहीत, तर जमिनीवर अधिक बल लावतात. त्यामुळे शैलीसुधारणेस पाय, नितंब व पोटाच्या स्नायूंच्या बलवर्धक व्यायामाची जोड आवश्यक आहे.

साध्या साधनांनी विश्लेषण :

महागड्या प्रयोगशाळेवाचूनही प्राथमिक विश्लेषण शक्य आहे. पाऊल जमिनीवर जेमतेम पाव सेकंद टिकते. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या मोबाईलमध्ये त्याची सातच चित्रे मिळतात, तर २४० चित्रे घेणाऱ्या मंदगती चित्रणात सुमारे ६० मिळतात. सहकाऱ्याने बाजूने व मागून चित्रण करावे. बाजूच्या चित्रणात पाऊल गुडघ्याच्या किती पुढे पडते व गुडघा किती वाकलेला असतो, हे पाहावे. मागील चित्रणात कंबर एका बाजूस झुकते काय, हे तपासावे. अर्ध्या मिनिटातील पावले मोजून ती दुप्पट करावीत. थकव्याने शैली बिघडत असल्याने सरावाच्या आरंभी व अखेरीस असे दोनदा चित्रण करणे उचित ठरते.

निष्कर्ष :

सर्वांसाठी एकच आदर्श शैली नसते. नामांकित धावपटूचे अनुकरण करण्यापेक्षा स्वतःच्या शरीरात भार कोठे पडतो हे ओळखणे, हाच विश्लेषणाचा खरा हेतू होय. वेदना नसलेल्या धावपटूची शैली उगाच बदलू नये. एका वेळी एकच बदल करावा व त्या काळात अंतर वाढवू नये. हाडावर एकाच जागी दुखत असल्यास चित्रणात वेळ न दवडता वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. महाविद्यालयीन शारीरिक शिक्षण विभागांनी भरतीपूर्व सरावात अशा निरीक्षणाचा समावेश केल्यास, साध्या मोबाईलच्या साहाय्याने अनेक युवक-युवतींचे परिश्रम वाया जाण्यापासून वाचू शकतील.