चौघांना सारखा घास

गेल्या पावसाळ्यात महिनाभर उभी असलेली जिप्सी सुरू करायला गेलो, तर चोक ओढूनही इंजिन धरेना. कार्ब्युरेटर उतरवला, फ्लोटची वाटी उघडली, तर तळाशी चुन्यासारखी पांढरी खरपुडी. जेटच्या तोंडातही तीच. सत्तावीस वर्षं मी ही वाटी उघडतो आहे. तिच्यात गाळ पाहिला, तांबडा गंज पाहिला, पण हे कधी पाहिलं नव्हतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते पाणी अ‍ॅल्युमिनियम खातं, हे वाचून माहीत होतं. स्वतःच्या गाडीत ते बोटाने खरवडून काढताना मात्र पोटात खड्डा पडला.

डिसेंबर २०२५ मध्ये मारुती जिप्सीला भारतात येऊन चाळीस वर्षं झाली. तिच्या लष्करातल्या नोकरीबद्दल, हिमालयातल्या रॅलींबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मला तिच्या इंजिनाला चिकटलेल्या एका ओतीव तुकड्याबद्दल लिहायचं आहे. इनटेक मॅनिफोल्ड. कार्ब्युरेटरमधून आलेली हवा आणि पेट्रोल चार सिलिंडरांना वाटून देणारा. या एका तुकड्याच्या निवडीवरून आम्ही दहा वर्षं भांडलो, पैसे घालवले, मैत्र्या तोडल्या. आज तो विषय काढला तर ऐकायला कोणी नाही, आणि नेमकी आजच त्या विषयाची गरज परत आली आहे.

पहिल्या दहा वर्षांत रमण्यासारखं मला काही दिसत नाही. ९७० सीसी, ४५ अश्वशक्ती, चार गिअर. गाडी चिवट होती, चढाला धापा टाकायची, आणि तिच्याकडून कोणी अधिक मागत नव्हतं. खरी गोष्ट १९९६ ला सुरू होते. जिप्सी किंग आली. १२९८ सीसी, ६० च्या आसपास अश्वशक्ती, पाच गिअर, अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन. मी १९९८ मध्ये एका वर्षाची वापरलेली किंग घेतली आणि पुढची दहा वर्षं रविवार नावाचा वार घरच्यांना दिला नाही.

तेव्हा पुण्यात आमच्यासारखे बरेच होते. पावसाळ्यात ठरल्या वेगाने ठरल्या वेळेत अंतर कापायची टीएसडी रॅली, हिवाळ्यात मोकळ्या माळावर ऑटोक्रॉस, एरवी ताम्हिणी आणि वरंधा घाट. नाना पेठेत सुटे भाग, बुधवारी-रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार, तिथे नाही मिळालं तर कुर्ल्याचं भंगार. गाडीला ‘पिकअप’ हवा, एवढंच प्रत्येकाला कळायचं. पिकअप कुठे हवा, इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर हवा, हे विचारणारा एकच मिस्त्री मला भेटला. नाना पेठेच्या एका बोळात त्याचं गॅरेज होतं, एका वेळी दीड गाडी मावेल एवढं. तो गाडी चालवायला मागायचा नाही. चार स्पार्क प्लग काढायचा, ओळीने फडक्यावर मांडायचा आणि रंग बघायचा. बिस्किटाचा रंग म्हणजे ठीक. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. खडूसारखा पांढरा म्हणजे उपासमार. माझ्या गाडीचे चार प्लग त्याने पहिल्यांदा मांडले तेव्हा चौघांचे रंग तीन प्रकारचे होते. “एकाच आईची चार पोरं,” तो म्हणाला, “आणि ताटं बघा.”

एका कार्ब्युरेटरवर चार सिलिंडर जगतात तिथे हे होतंच. फायरिंगचा क्रम १-३-४-२. म्हणजे तिसऱ्यापाठोपाठ शेजारचा चौथा ओढतो, दुसऱ्यापाठोपाठ शेजारचा पहिला. एकाचा घोट संपायच्या आत शेजाऱ्याचा सुरू होतो, आणि वाटा सारखा पडत नाही. शिवाय पेट्रोल म्हणजे काही नुसती वाफ नव्हे. थेंब थेंब असतं, थंड भिंतीला चिकटतं, तळाशी ओघळतं. म्हणून कंपनीच्या मॅनिफोल्डच्या पोटातून गरम पाण्याची वाट काढलेली असते.

त्या काळी आमच्यासमोर तीन रस्ते होते. मूळ मॅनिफोल्ड ठेवून त्यावर अ‍ॅडॅप्टर प्लेट लावायची आणि वेबर ३२/३६ कार्ब्युरेटर बसवायचा, हा पहिला. परदेशात याच जातीच्या इंजिनाच्या सुझुकी सामुराईवाल्यांनी तो वर्षानुवर्षं वापरला होता. दुसरा, दोन आडवे वेबर ४० डीसीओई, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र तोंड आणि आखूड, सरळ नळी. तिसरा रस्ता २००० नंतर उघडला. तेव्हा जिप्सीलाच सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनचं, इंजिन आलं, ८० अश्वशक्तीचं. त्याचं किंवा मारुती एस्टीमचं हेड, मॅनिफोल्ड, वायरिंग आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, असं सगळं उचलून आणायचं.

मी दुसरा रस्ता धरला. आवाजासाठी धरला, हे कबूल करतो. चार उघडी तोंडं एकदम हवा ओढतात तो आवाज ज्याने ऐकला आहे त्याला वेगळं सांगायला नको. पुण्यातल्या एका नावाजलेल्या ट्यूनरने मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर, बसवणूक मिळून माझा चार महिन्यांचा पगार घेतला. ‘जेवढं तोंड मोठं तेवढी हवा जास्त’ हे त्याचं ब्रीद. मोकळ्या रस्त्यावर ५,००० फेऱ्यांच्या पुढे गाडी खरंच उडायची. पण ताम्हिणीत २,५०० वर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आधी काहीच नाही, मग धक्का. बॉनेट उघडून रेस दिली तर तोंडांपाशी पेट्रोलचं धुकं तरंगताना दिसायचं. आत गेलेला घास उलटा फिरून बाहेर येत होता. मी तक्रार केली. मला गाडी चालवता येत नाही, असं उत्तर मिळालं.

मग वरंधा उतरताना ब्रेकचं पेडल दगडासारखं झालं. ब्रेकच्या बूस्टरला मॅनिफोल्डमधली पोकळी (व्हॅक्यूम) लागते. चार नळ्या वेगळ्या केल्या की ती पोकळी एकत्र साठायला जागा उरत नाही. चारही नळ्यांतून बारीक पाइप काढून ते एका डबीत आणायचे असतात. माझ्या गाडीत फक्त एका नळीतून घेतलं होतं, एका बारीक भोकातून. सरळ रस्त्यावर भागत होतं. घाटात दर वळणाला ब्रेक लागला आणि बूस्टरला सावरायला वेळ मिळाला नाही. शेजारी माझी बायको होती. गिअर पहिल्यात टाकून, हँडब्रेक ओढत, कठड्याला चाटून थांबलो. त्या ट्यूनरला मी आजही माफ केलेलं नाही. चूक कुणाकडूनही होते. पण त्याने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं की रेसिंगच्या गाडीत एवढं चालतं.

वीस-पंचवीस वर्षं मनात ठेवलेलं एकदा नीट मांडतो. मॅनिफोल्ड अश्वशक्ती देत नाही. इंजिनाने कुठल्या फेऱ्यांवर पोटभर जेवावं, एवढंच तो ठरवतो. पिस्टन खाली जातो तेव्हा ओढीची एक लाट नळीतून उघड्या तोंडाकडे जाते, तिथून दाबाची लाट होऊन परत फिरते. ४,००० फेऱ्यांवर क्रँकशाफ्टची एक फेरी १५ मिलिसेकंदांत होते आणि इनटेक व्हॉल्व्ह साधारण १० मिलिसेकंद उघडा असतो. लाटेचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या थोडा वर. व्हॉल्व्ह मिटायच्या जरा आधी ती लाट परत पोचली तर सिलिंडरला एक जादा घोट मिळतो. नळी लांब असेल तर हा योग कमी फेऱ्यांवर जुळतो, आखूड असेल तर वरच्या फेऱ्यांवर. १९६० च्या क्रायसलर ३०० एफमध्ये तब्बल ३० इंच लांबीच्या नळ्या होत्या, मधल्या फेऱ्यांवर ओढ मिळावी म्हणून. नळी रुंद केली की हवा मंदावते, मंद हवेतून पेट्रोल गळून पडतं. घाटातली गाडी २,००० ते ३,५०० मध्ये जगते. तिला ७,००० साठी बेतलेली नळी लावणं म्हणजे चढावर राहणाऱ्या माणसाला पोहण्याचे कपडे देणं.

एमपीएफआयचा रस्ता चांगला होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. कार्ब्युरेटरची वाटी उभ्या चढाला तिरकी होते आणि पेट्रोल हेलकावतं. इंजेक्शनला तो त्रास नाही. उंचावर हवा विरळ होते, खारदुंगला खिंडीत तर दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. तिथे कार्ब्युरेटर काळा धूर सोडतो आणि इंजेक्शन स्वतःला जुळवून घेतं. पण त्या सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क ४,५०० फेऱ्यांवर होता. खालची ओढ नाही म्हणून जुने चालक कुरकुरायचे, आणि ते खोटं बोलत नव्हते.

माझा मार्ग शेवटी कोल्हापुरात सापडला. करवीर तालुक्यात माझं आजोळ. मामाने शिवाजी उद्यमनगरात ओतकामाचे लाकडी नमुने बनवणाऱ्या एका पॅटर्नमेकरकडे नेलं. तोपर्यंत मी वहीभर आकडे काढले होते. पॅटर्नमेकरने वही बाजूला ठेवली आणि विचारलं, “भोक मोठं केलं म्हंजे पाणी जोरात येतंय व्हय? पाइपाला जोर कुठनं यायचा?” उसाला पाणी पाजणाऱ्या गावात वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

सागवानाचा पॅटर्न झाला. अ‍ॅल्युमिनियम थंड होताना मीटरमागे सुमारे १३ मिलिमीटर आकसतं, म्हणून तेवढा मोठा. चार नळ्यांसाठी वाळूचे कोअर, कार्बन डायऑक्साइड सोडून कडक केलेले. चारही नळ्यांची लांबी एकसारखी, त्यासाठी मधल्या दोन मुद्दाम वळवलेल्या. तळाशी गरम पाण्याची वाट शाबूत. पहिला तुकडा सच्छिद्र निघाला, साबणाच्या पाण्यात बुडबुडे आले. दुसऱ्यात एक कोअर हलला. तिसरा २००३ च्या दिवाळीच्या आधी पुण्याला आणला, एस.टी.तून, मांडीवर. त्यावर एकच वेबर ३२/३६ बसवला. आतली भिंत आरशासारखी घासायची मला घाई झाली होती. मिस्त्रीने हातातला ग्राइंडर काढून घेतला. खडबडीत भिंतीवरचं पेट्रोल हवा पुन्हा उचलते, गुळगुळीत भिंतीवरून ते ओघळून जातं, असं त्याचं म्हणणं. पंधरा दिवसांनी चार प्लग फडक्यावर मांडले. चारही बिस्किटाचे. मिस्त्री काही बोलला नाही, चहा सांगितला. ताम्हिणीच्या ज्या वळणावर मी कायम दुसरा टाकायचो तिथे गाडी तिसऱ्यात, १,८०० फेऱ्यांवरून, कुरकुर न करता वर गेली. माझ्या आयुष्यातल्या मोजक्या निखळ आनंदांत मी तो क्षण धरतो.

नंतरची वर्षं झरझर गेली. भारत स्टेज दोन, तीन, चार आले. हवा स्वच्छ व्हायला हवी होती आणि कार्ब्युरेटर जायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. मॅनिफोल्ड काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे झाले. हलके, आतून गुळगुळीत, काही तर फेऱ्यांप्रमाणे नळीची लांबी बदलणारे. आम्ही ज्यासाठी वर्षभर धडपडलो ते कारखान्यातूनच येऊ लागलं. २०१९ मध्ये जिप्सी बंद झाली. मिस्त्री त्याआधीच गेला. त्याच्या गॅरेजच्या जागी आता गाड्यांना फिल्म चिकटवतात. लॅपटॉप लावून ईसीयूमधला इंधनाचा नकाशा बदलणारे तरुण हुशार आहेत, मी त्यांच्याशी बोलतो. पण प्लगचा रंग बघ म्हटलं की ते पडद्याकडे बघतात.

आणि आता ई२०, वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. वीस टक्के मिसळलं की आकडा १३.५ च्या आसपास येतो. नव्या गाडीचा ईसीयू हे ओळखून पेट्रोल वाढवतो. माझा जेट पितळेचा आहे, त्याचं भोक बदलत नाही. इंजिन उपाशी चालतं, गरम चालतं. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणजे मॅनिफोल्डची भिंत आणखी थंड आणि चार ताटांतला फरक आणखी मोठा. थंड हवेच्या नादात गरम पाण्याची वाट बुजवून टाका, असं आम्हाला छातीठोक सांगणारे पुष्कळ होते. ज्यांनी ऐकलं त्यांच्या जुन्या गाड्या हल्ली सकाळी धरत नाहीत.

मामा आता नाही. मामेभाऊ ऊस लावतो, साखर कारखान्याला घालतो, आणि इथेनॉलमुळे बिल वेळेवर मिळण्याची आशा त्याला वाटते. त्याच्यासमोर मी या पेट्रोलला शिव्या देऊ शकत नाही आणि देणारही नाही. माझी तक्रार एवढीच आहे की पंपावर परवडणारा दुसरा पर्याय ठेवला नाही. रबरी नळ्या, डायफ्रॅम, पॅकिंग बदला, जेट वाढवा, हे पेट्रोल टाकीत ठेवून गाडी महिनोन्महिने उभी करू नका, एवढं जुन्या गाडीवाल्याला नीट सांगायची जबाबदारीही कुणी घेतली नाही. ज्या जिल्ह्याच्या मातीत माझा मॅनिफोल्ड ओतला गेला, त्याच जिल्ह्याचा ऊस आज त्यातून वाहतो आहे. दोन्ही माझेच आहेत.

भाच्याला हाताशी घेऊन गेल्या रविवारी वाटी साफ केली, नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, १३० चा मुख्य जेट काढून १३५ चा लावला. क्षेत्रफळात तो सुमारे आठ टक्क्यांनी मोठा. मुळशीपर्यंत जाऊन आलो आणि चार प्लग फडक्यावर मांडले. तीन जुळले. चौथा अजून पांढरट आहे. भाच्याने स्वतःहून तो उचलून उन्हात धरला. १३७ चा जेट मागवला आहे.