मुशीची कूर्चा, घोळीचा भोत

तुळिंजला मासळी घेताना मुशी समोर आली की कुणीतरी सांगतंच, "हिला हाडं नसतात, सगळ्यात जुना मासा हा." पहिलं बरोबर आहे. मुशी आणि पाकट यांचा सांगाडा कूर्चेचा असतो. पण त्यावरून त्यांना मागासलेलं ठरवणं चूक. मंगोलियात सापडलेल्या 'मिंजिनिया' या चिलखती माशाच्या जीवाश्माचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे 41 कोटी वर्षांपूर्वीच्या त्या कवटीत आपल्या हाडांसारखंच आतून घडलेलं हाड आढळलं. हा मासा मुशी आणि हाडाचे मासे यांच्या वाटा वेगळ्या होण्याआधीच्या फांदीवरचा. म्हणजे मुशीच्या पूर्वजांकडे बहुधा हाड होतं आणि पुढे ते गेलं. मुशीची कातडी उलट्या दिशेने चोळली तर खरखरते, कारण तिच्यावर बारीक दातच असतात. आपल्या दातांसारखे, दंतिनाचे.

बोंबील मऊ म्हणून त्यालाही काही जण बिनहाडाचा समजतात. तो हाडाचाच मासा. त्याची हाडं नाजूक असतात, एवढंच. वामही सापाची कुणी नाही, तीही मासाच. माकूल आणि कोलंबी मात्र मासे नव्हेत, त्यांना पाठीचा कणाच नाही.

खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी पाहून वाटतं, माशातून माणसाकडे जाणारी वाट हीच. तसं नाही. निवटीला फुप्फुस नसतं. ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून ती हवेतला प्राणवायू घेते. तिचा पर काट्यांच्या पंख्यासारखा असतो. आपला हात आला तो मांसल परांच्या माशांकडून. कॅनडाच्या एल्समिअर बेटावर 2004 मध्ये सापडलेल्या, सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या 'टिकटालिक'च्या परात दंडाचं एक हाड, त्यापुढे दोन आणि मनगटाची लहान हाडं ओळखू येतात. निवटी चिखलावर आली ती त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी, आपल्या वेगळ्या वाटेने.

सगळ्यात हट्टी गैरसमज भोताचा. 2021 च्या ऑगस्टअखेर पालघरजवळच्या मुरब्याच्या मच्छीमारांना घोळ सापडली आणि लिलाव सव्वा कोटीच्या पुढे गेला, तो या भोतापायी. भोत म्हणजे माशाची हवेची पिशवी. तिच्यामुळे मासा पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगतो. घोळ तिच्यावर स्नायू थरथरवून आवाजही काढते.

या पिशवीपासून पुढे फुप्फुस झालं, असं 1859 मध्ये डार्विनने लिहिलं आणि ते आजही सांगितलं जातं. आजचा पुरावा उलट दिशेचा आहे. फुप्फुस आधीचं. आफ्रिकेतल्या बिचिर या प्राचीन वंशाच्या माशाला ते आजही आहे, अन्ननलिकेच्या खालच्या बाजूने फुटलेलं. पुढे बहुतेक माशांत तोच अवयव वरच्या बाजूला सरकला आणि श्वासाऐवजी तरंगण्याच्या कामाला लागला. म्हणजे घोळीचा भोत हे बदललेलं फुप्फुस आहे. 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळालेल्या सीलाकांथ या माशाच्या वंशात फुप्फुसाचा नुसता अवशेष उरला आहे. मुशीला तर भोतही नाही, फुप्फुसही नाही; तेलाने भरलेलं मोठं यकृत तिचा भार हलका करतं.